सहा ट्यूब आणि एक स्प्रे: टॅटूआधीच्या नंबिंग क्रीमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ग्राहक २९ वर्षांची, वजन ५२ किलो. उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबरेच्या हाडापासून गुडघ्याच्या चार बोटं वरपर्यंत वेलीचं मोठं डिझाइन ठरलं होतं. लांबी ३५ सेंमी, रुंदी सरासरी २० सेंमी, म्हणजे जवळपास ७०० चौरस सेंमी कातडी. आधीच्या मनगटावरच्या छोट्या टॅटूच्या वेळी तिला भोवळ आली होती, त्यामुळे या वेळी बधिरता हवीच असा तिचा आग्रह होता. आर्टिस्ट अनुभवी, हात स्वच्छ, निडल आणि शाईच्या बाबतीत काटेकोर. मात्र नंबिंग क्रीम, म्हणजे कातडी बधीर करणारं क्रीम, याबाबत स्टुडिओची एक जुनी सवय होती: "लावायचं असेल तर घरूनच लावून या, इथे वेळ जातो." या प्रकरणाचं मूळ त्या एका वाक्यात आहे.

क्रीम तिने ऑनलाइन मागवलं. १० ग्रॅमच्या सहा ट्यूब. वेष्टनावर लिडोकेन ५ टक्के, प्रिलोकेन ५ टक्के, एपिनेफ्रिन १ टक्का असं छापलेलं. पहिली दोन बधीर करणारी औषधं, तिसरं रक्तवाहिन्या आकसवणारं. (लिडोकेनलाच काही वेष्टनांवर लिग्नोकेन म्हणतात. औषध एकच. दोन नावं दोन वेगळी औषधं समजून दोन्ही क्रीमं एकावर एक लावणारे लोक भेटतात.) उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच क्रमांक नाही. सूचना तीन ओळींची: जाड थर द्या, प्लास्टिकने गुंडाळा, जास्त वेळ ठेवाल तेवढं चांगलं.

तिने निष्काळजीपणा केला असं म्हणता येणार नाही. आदल्या दिवशी कोपराच्या आत पॅच टेस्ट केली. लाली नाही, खाज नाही. त्यावरून क्रीम आपल्याला चालतं असा तिने निष्कर्ष काढला. पॅच टेस्ट ॲलर्जी आहे का एवढंच सांगते. किती क्रीम सोसेल हे ती सांगू शकत नाही, आणि इथे प्रश्न ॲलर्जीचा नव्हताच.

आणखी एक गोष्ट. अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणून ती रोज प्रोप्रॅनोलॉलची ४० मिलीग्रॅमची गोळी दोनदा घेत होती. स्टुडिओच्या फॉर्मवर प्रश्न होता, "काही आजार आहे का?" तिने "नाही" लिहिलं. डोकेदुखीला ती आजार मानत नव्हती. "रोज कोणती गोळी घेता?" असा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

अडचण

सकाळी ९ वाजता तिने मांडीवर कोरडं रेझर फिरवलं, खरखरीत ग्लोव्हने स्क्रब केलं आणि कढत पाण्याने अंघोळ केली. क्रीम नीट मुरावं म्हणून. साडेनऊला पाच ट्यूब, म्हणजे ५० ग्रॅम, पूर्ण भागावर पसरवलं, वर क्लिंग फिल्मचे तीन वेढे, त्यावर घट्ट लेगिंग. मग उन्हात तापलेल्या गाडीतून तासाभराचा प्रवास.

स्टुडिओत पोचल्यावर डिझाइनमध्ये बदल, स्टेन्सिलची (कातडीवर उमटवायच्या आराखड्याची) मापं यांत वेळ गेला. फिल्म निघाली ती १२ वाजता, म्हणजे अडीच तासांनी. क्रीम पुसलं, कातडी धुतली, तरी तेलकटपणा राहिला आणि पहिलं स्टेन्सिल धरलं नाही. दुसऱ्यांदा लावावं लागलं. १२:२० ला लाइनिंग, म्हणजे बाह्यरेषा टोचणं, सुरू झालं.

मांडीचा मधला भाग छान बधीर होता. कंबरेच्या हाडाजवळ आणि गुडघ्याच्या वर मात्र बधिरता ठिगळाठिगळांची. सव्वाच्या सुमारास मधल्या भागालाही टोचायला लागलं. हे अपेक्षितच होतं. चांगल्या प्रतीचं लिडोकेन-प्रिलोकेन क्रीम तासभर फिल्मखाली ठेवलं तर बधिरता साधारण ३ मिलिमीटर खोल जाते, दोन तासांत ५ मिलिमीटरपर्यंत. क्रीम काढल्यावर ती तास-दोन तास टिकते. लाइनिंग अर्ध्यावर होतं. ग्राहकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिच्या पर्समध्ये सहावी ट्यूब होती.

समोर असलेले पर्याय

सव्वा वाजता आर्टिस्टसमोर चार वाटा होत्या.

पहिली, तिथेच थांबायचं. झालेलं लाइनिंग स्वच्छ करून पट्टी लावायची, उरलेलं पुढच्या सत्रात. कलेच्या दृष्टीने यात काही बिघडत नव्हतं. वेलीला तिथे सांधा होता. पण दिवस तिच्यासाठी राखलेला आणि ती लांबून आलेली.

दुसरी, बधिरतेशिवाय थोडं थोडं काम करत, दर पंधरा-वीस मिनिटांनी विश्रांती घेत जमेल तेवढं पुढे जायचं.

तिसरी, जिथे निडल अजून लागलीच नव्हती अशा अखंड कातडीच्या लहान भागावर नव्याने क्रीम लावायचं. ही वाट वरवर समजूतदार दिसते. पण सकाळचे ५० ग्रॅम मोजल्याशिवाय तिचा विचारच करता येत नव्हता, आणि ते कोणी मोजलेच नव्हते. घरी लावलेलं क्रीम स्टुडिओच्या हिशेबात नव्हतं आणि स्टुडिओत काय वापरलं जाणार ते तिच्या हिशेबात नव्हतं.

चौथी, उघड्या कातडीवर बधिरतेचा स्प्रे. अनेक ठिकाणी हा सर्रास वापरतात, कारण तो दोन मिनिटांत काम करतो. तो इतक्या लवकर का काम करतो, हा प्रश्न त्या क्षणी कुणी विचारला असता तर पुढचं टळलं असतं. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा पापुद्रा हाच औषधाला अडवणारा खरा बांध. मांडीवर तो मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाएवढाच जाड असतो, पण अखंड असेल तर बहुतेक औषध बाहेरच ठेवतो. टॅटूची निडल तोच बांध हजारो ठिकाणी फोडते आणि एक ते दोन मिलिमीटर खाली, जिथे केशवाहिन्यांचं जाळं आहे, तिथे शाई सोडते. अशा कातडीवर टाकलेलं औषध मज्जातंतूला लवकर भेटतं आणि रक्तालाही तितक्याच लवकर.

प्रत्यक्ष काय केलं

आर्टिस्टने तिसरी आणि चौथी वाट एकत्र केली. लाइनिंग झालेल्या भागावर ४ टक्के लिडोकेनचा स्प्रे, पंधरा मिनिटांत तीन वेळा. नंतर बाटलीतली पातळी पाहिली तेव्हा अंदाजे ८ मिली वापरला गेला होता. कंबरेच्या हाडाजवळ सहाव्या ट्यूबमधलं निम्मं क्रीम, म्हणजे ५ ग्रॅम. तिथेही काही रेषा आधीच ओढलेल्या होत्या. दोन्हींवर फिल्म, आणि सगळ्यांचा चहा.

दीड वाजता काम पुन्हा सुरू झालं. कातडी आता रबरासारखी, थोडी फुगलेली, पांढुरकी. रेषा बसेना म्हणून आर्टिस्टने दोन ठिकाणी वरून दुसऱ्यांदा निडल फिरवली. म्हणजे बांध आणखी फुटला.

१:५० ला ती म्हणाली, "तोंडात लोखंडासारखी चव येतेय." आर्टिस्टने विचारलं, "सकाळी खाल्लंत ना नीट?" तिने फारसं खाल्लं नव्हतं. साखर कमी झाली असेल म्हणून तिला आडवं केलं, पाय उंच केले, ग्लुकोजचं पाणी दिलं. हे वागणं मायेचंच होतं. पाच मिनिटांनी ती म्हणाली की कानांत शिट्टी वाजतेय. बोलताना शब्द लांबट निघू लागले होते.

शेजारच्या खुर्चीवर काम करणारी दुसरी आर्टिस्ट हे ऐकत होती. ती उठून आली आणि तिने एकच प्रश्न विचारला: "ओठांना काय वाटतंय?"

"जड झालेत. बधीर."

"क्रीम ओठांना लावलंय का?"

नव्हतं लावलं. मांडीला लावलेल्या क्रीमने ओठ बधीर होत असतील तर ते क्रीम रक्तातून तिथे पोचलंय, याला दुसरा अर्थ नाही. २:०२ ला मशीन बाजूला गेलं. फिल्म काढली, साबण आणि गार पाण्याने पूर्ण मांडी धुतली. कोमट पाणी मुद्दाम टाळलं, कारण उष्णतेने कातडीचा रक्तपुरवठा वाढतो. २:०५ ला उजव्या हाताची बोटं आणि पापणी फडफडू लागली. २:०६ ला रुग्णवाहिकेला फोन केला आणि फोनवर "चक्कर" असा मोघम शब्द न वापरता "लिडोकेन आणि प्रिलोकेन क्रीम, जास्त प्रमाणात, ओठ बधीर, बोटं थरथरतायत" असं सांगितलं. रिकाम्या ट्यूब, स्प्रेची बाटली आणि वेळा लिहिलेला कागद तिच्यासोबत पाठवला. तिच्या मैत्रिणीने "मी गाडीने पोचवते" म्हटलं होतं. ते नाकारलं, आणि ते बरोबरच झालं. अशा वेळी वाटेत फिटचा झटका आला तर मागच्या सीटवर कुणाला काहीच करता येत नाही.

घाबरून आलेली भोवळ आणि औषधाची बाधा

१:५० ते २:०२ ही बारा मिनिटं या प्रकरणातली सर्वांत नाजूक. इथे गफलत होणं स्वाभाविक आहे, कारण टॅटूच्या खुर्चीवर भोवळ नेहमीचीच.

वेदनेने किंवा घाबरून येणाऱ्या भोवळीत माणूस पांढरा पडतो, थंड घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं. आडवं करून पाय उंच केले की दोन-चार मिनिटांत चेहऱ्यावर रंग परततो. औषधाच्या बाधेची सुरुवात तोंडाभोवती आणि कानांत होते: ओठ-जिभेला मुंग्या, धातूची चव, कानांत आवाज, नजर धूसर, बोलणं जड, विनाकारण अस्वस्थपणा. आडवं केल्याने यातलं काहीच कमी होत नाही. पुढची पायरी स्नायूंची फडफड, त्यापुढची झटके, आणि त्याहून पुढे हृदयाचे ठोके बिघडतात. हा क्रम दर वेळी असाच येईल याची हमी नाही. मात्रा फार मोठी असेल तर थेट झटकाच येऊ शकतो.

या ग्राहकाच्या बाबतीत नाडीनेही फसवलं. ती मिनिटाला ६२ होती, शांत. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याची नाडी शरीर धोक्यात असतानाही फारशी वाढत नाही. "नाडी तर ठीक आहे" हा दिलासा म्हणून खोटा होता.

रुग्णालयात

पोचल्यावर ईसीजी, शिरेत सुई, सतत मॉनिटर. रक्तदाब १६०/९५. ठोक्यांत गंभीर बिघाड नव्हता. बोटांची थरथर थांबवण्यासाठी मिडाझोलमची छोटी मात्रा दिली गेली. अशा बाधेवर दिलं जाणारं २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं दूधसर द्रावण) तयार ठेवलं; ते वापरावं लागलं नाही. संध्याकाळी साडेचारपर्यंत ओठांची बधिरता गेली.

तरीही तिला रात्रभर ठेवलं, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रिलोकेनचं शरीरात विघटन होताना जो पदार्थ तयार होतो तो हिमोग्लोबिनचं रूपांतर मेथहिमोग्लोबिनमध्ये करतो, आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हे लगेच होत नाही. काही तासांनी शिखर गाठतं. शिवाय क्रीम धुतलं तरी कातडीच्या वरच्या थरात साठलेलं औषध आत झिरपत राहतं. तिच्या बोटावरच्या यंत्रावर प्राणवायूचं प्रमाण ९४ टक्के दिसत होतं आणि मास्क लावूनही हलत नव्हतं. रक्ततपासणीत मेथहिमोग्लोबिन ४ टक्के निघालं. निरोगी माणसात ते एक-दोन टक्क्यांच्या आत असतं. त्यावरचा उतारा असलेलं मिथिलीन ब्लू देण्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी सोडलं.

हे प्रमाण वाढलं असतं तर ओठ-नखं निळसर, रक्त चॉकलेटी आणि प्राणवायू देऊनही निळेपणा जात नाही, असं चित्र दिसलं असतं. सल्फा गटातली औषधं, डॅप्सोन किंवा हृदयासाठीची नायट्रेट घेणाऱ्यांत आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असणाऱ्यांत हा धोका जास्त. अशांनी प्रिलोकेन असलेलं क्रीम टाळावं. त्या विकराची कमतरता असलेल्याला मिथिलीन ब्लूही अपाय करू शकतं, म्हणून उपचारही अवघड होतो.

हिशेब

टक्के म्हणजे काय इथून सुरुवात करू. ५ टक्के म्हणजे दर ग्रॅम क्रीममध्ये ५० मिलीग्रॅम औषध. सकाळचे ५० ग्रॅम म्हणजे २५०० मिलीग्रॅम लिडोकेन आणि तेवढंच प्रिलोकेन.

तुलनेसाठी एक पट्टी घेऊ. टोचून द्यायच्या साध्या लिडोकेनची कमाल मात्रा किलोमागे ४.५ मिलीग्रॅम मानतात. ५२ किलोला २३४ मिलीग्रॅम. क्रीममधलं औषध हळूहळू शिरतं, त्यामुळे ही पट्टी तंतोतंत लागू नाही, पण आकड्यांचा आवाका कळतो. अखंड मांडीवर तीन तास ठेवलेल्या प्रमाणित क्रीममधलं सुमारे ५ टक्के औषध शरीरात जातं, चेहऱ्यावर सुमारे १० टक्के. पाच टक्के धरले तरी १२५ मिलीग्रॅम लिडोकेन, वर तेवढंच प्रिलोकेन. दोन्ही एकाच गटातली, त्यांचा परिणाम बेरजेत धरायचा. म्हणजे तिची कातडी अखंड असती तरी सकाळचं क्रीम काठावरचं होतं. त्यात कोरडं रेझर, स्क्रब, कढत पाणी, तापलेली गाडी. यातल्या प्रत्येकाने बांध खालावला.

मग दुपार. स्प्रेतले ८ मिली गुणिले ४० म्हणजे ३२० मिलीग्रॅम लिडोकेन, सहाव्या ट्यूबमधले ५ ग्रॅम म्हणजे आणखी २५० लिडोकेन आणि २५० प्रिलोकेन. त्यातलं काही पुसलं गेलं, तरी उरलेलं बऱ्याच अंशी उघड्या कातडीवर होतं. सकाळच्या २५०० मिलीग्रॅमपेक्षा दुपारचे हे ५७० जास्त महाग पडले. प्रोप्रॅनोलॉलने यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो, आणि लिडोकेन शरीराबाहेर काढण्याचं काम मुख्यतः यकृताचं. म्हणजे आवक वाढली तेव्हा जावकही मंद होती.

एपिनेफ्रिनचा आकडा तर थबकायला लावणारा. १ टक्का म्हणजे ग्रॅमला १० मिलीग्रॅम. दातांच्या उपचारात नेहमी वापरलं जाणारं एक लाखास एक हे प्रमाण म्हणजे मिलीला ०.०१ मिलीग्रॅम. हजारपटीचा फरक. वेष्टनावरचा आकडा खोटा असेल तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. खरा असेल तर ते उघड्या कातडीवर लावायची वस्तूच नव्हे. प्रोप्रॅनोलॉल चालू असताना एपिनेफ्रिन शरीरात गेलं तर रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. १६०/९५ चं एक कारण ते असू शकतं, एक कारण भीतीही.

आता या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रमाणित क्रीम, म्हणजे अडीच टक्के लिडोकेन आणि अडीच टक्के प्रिलोकेन, दर १० चौरस सेंमीला १ ते २ ग्रॅम लावायचं असतं. प्रौढांच्या ताज्या भादरलेल्या मोठ्या भागासाठी त्याची मर्यादा ६० ग्रॅम आणि ६०० चौरस सेंमी. तिच्या ७०० चौरस सेंमीला नुसत्या किमान थरासाठीच ७० ग्रॅम लागले असते. तिने लावलेले ५० ग्रॅम दुप्पट तीव्रतेचे, म्हणजे औषधाच्या दृष्टीने १०० ग्रॅम प्रमाणित क्रीमएवढे, आणि तरी थर दर १० चौरस सेंमीला जेमतेम ०.७ ग्रॅमचा पातळ. म्हणून बधिरता ठिगळाठिगळांची झाली. थर पातळ पडला आणि एकूण औषध मात्र भरमसाट. पूर्ण मांडी एका बैठकीत नीट बधीर करणं आणि मर्यादेत राहणं, या दोन गोष्टी एकत्र बसतच नाहीत. हे गणित आदल्या आठवड्यात कागदावर मांडलं असतं तर पूर्ण मांडीचं एकच सत्र ठरलंच नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

डिझाइन ठरलं त्या दिवशी. आर्टिस्टला क्षेत्रफळ माहीत होतं, वजन विचारता आलं असतं, औषधं विचारता आली असती. मोठ्या कामात बधिरता फक्त सर्वांत दुखऱ्या तळहाताएवढ्या भागाला द्यायची हे तेव्हाच ठरवता येतं. बोटांसह तळहात साधारण १६० चौरस सेंमी भरतो.

घरी. भादरायचं ते आदल्या दिवशी, साबणाचा फेस करून. त्या दिवशी स्क्रब नाही, गरम पाणी नाही. क्रीम स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून घ्यायचं. लावल्याची वेळ फिल्मवरच मार्करने लिहायची. फिल्म औषध आत ढकलते, म्हणून तिचा वेळ ठरलेला असतो. "जास्त वेळ तेवढं चांगलं" हे वाक्य ज्या वेष्टनावर आहे ते वेष्टन कचऱ्यात टाकावं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्येच इशारा दिला होता: लेझरने केस काढण्याआधी पायांना तीव्र बधिरता क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींचा मृत्यू झाला होता. मार्च २०२४ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा बजावलं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत घ्यायच्या अशा क्रीममध्ये लिडोकेन ४ टक्क्यांहून जास्त नसावं, ते मोठ्या भागावर किंवा दुखावलेल्या कातडीवर लावू नये, वरून गुंडाळू नये. गुंडाळायचंच असेल तर ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या क्रीमवर, त्यांनी सांगितलेल्या वेळेपुरतं.

दारात. ग्राहक मांडीला फिल्म गुंडाळून आत येते तेव्हा पहिले प्रश्न असे हवेत: काय लावलं, किती ग्रॅम, किती वाजता, ट्यूब दाखवा. या चार प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. उत्तरं "पाच ट्यूब, साडेनऊला" अशी आली असती तर त्या दिवशी निडल उचलायलाच नको होती.

सव्वा वाजता. निडल लागलेल्या कातडीवर दुसऱ्यांदा बधिरता नाही, हा नियम इतर प्रक्रियांतही तसाच पाळावा लागतो. मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर अशा कातडीला बारीक छिद्रं पाडणाऱ्या उपचारांनंतर "अजून थोडं दुखतंय" म्हणून वरून क्रीम फिरवणं म्हणजे हाच धोका. ओठांची आतली ओलसर त्वचा तर निडल नसतानाही मिनिटांत शोषते, तिथे तासाचा हिशेब लावायचा नाही. भुवयांच्या आणि पापण्यांच्या कामात आणखी एक गोष्ट: लिडोकेन-प्रिलोकेनची क्रीमं क्षारधर्मी असतात, डोळ्यात ओघळली तर बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. आणि डोळा बधीर झाल्याने ग्राहकाला झोंबतही नाही, म्हणून कळतं उशिरा.

१:५० ला. धातूची चव हा शब्द ऐकताच काम थांबवून धुवायला हवं होतं. ग्लुकोजचं पाणी देण्यात पाप नाही, पण ते धुणं आणि फोन करणं झाल्यावर. आणि झटक्याची शक्यता असताना तोंडाने काहीच न देणं अधिक सुरक्षित.

त्यानंतर

लाइनिंग तीन आठवड्यांत भरलं. कंबरेजवळच्या ज्या दोन रेषांवर दोनदा निडल फिरली होती त्या पसरट झाल्या आणि मधेच फिक्या पडल्या. पुढे त्या पानांच्या छायेत मिसळून घेतल्या.

स्टुडिओने "घरूनच लावून या" म्हणणं बंद केलं. फॉर्मवर वजन, रोजच्या गोळ्या आणि बधिरतेच्या औषधाचे ग्रॅम व वेळ यांचे रकाने आले. स्प्रेच्या बाटल्या गेल्या. दुसऱ्या आर्टिस्टचा "ओठांना काय वाटतंय?" हा प्रश्न आता क्रीम वापरलेल्या प्रत्येक ग्राहकाला दर वीस मिनिटांनी विचारला जातो.

ग्राहकाने आधी आपल्या डॉक्टरांना विचारलं. आठ आठवड्यांनी पुढचं सत्र झालं: तळहाताएवढा भाग, त्यांनी लिहून दिलेलं अडीच-अडीच टक्क्यांचं क्रीम २० ग्रॅम, स्टुडिओतच मोजून लावलेलं, ७५ मिनिटं फिल्मखाली. म्हणजे ५०० मिलीग्रॅम लिडोकेन आणि ५०० प्रिलोकेन. पहिल्या सकाळच्या एक पंचमांश, आणि थर मात्र दर १० चौरस सेंमीला सव्वा ग्रॅमचा. बधिरता सलग आली. काम पाऊण तासात उरकलं, बधिरता उतरण्याआधी. अशी तीन सत्रं झाली, त्यांच्यामध्ये प्रत्येकी महिन्याहून अधिक अंतर. चौथ्या सत्राला गुडघ्याजवळचा छोटा तुकडा उरला होता. तिथे तिने क्रीम लावलंच नाही; दर दहा मिनिटांनी थांबत, श्वास घेत तासाभरात तो पूर्ण केला.